परिषदेसाठी माणगावात एक खोली उघडा

वैज्ञानिक परिषद म्हटलं की आपल्याकडे मोठा बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलेलं प्रास्ताविक आणि दुपारचं जेवण एवढंच डोळ्यांपुढं येतं. यातलं जेवण सोडलं तर बाकीच्याचा परिषदेशी फारसा संबंध नाही. एकाच विषयात काम करणारी माणसं वर्षभर काय केलं ते छापून यायच्या आधी एकमेकांना सांगतात, आणि ऐकणारे त्यांना अडवतात. हे कशावरून म्हणता? मोजलं कसं? पुन्हा करून पाहिलंत का? या अडवाअडवीतून नवशिका शिकतो. पाठ्यपुस्तकात नुसता निकाल असतो. तिथवर पोचताना कोण कुठं अडखळलं ते तिथं लिहिलेलं नसतं.

ही अडवाअडवी माणगावच्या मुलामुलींना कधी पाहायला मिळते? आपल्या तालुक्यात तर विद्यापीठच आहे. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून महामार्गालगत उभं आहे आणि आज राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. गोरेगावला विज्ञानाचं महाविद्यालय आहे. तरीही माणगावच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या पालकाला विचारा की पोराला कधी परिषदेला पाठवलंत का. मुंबई दीडशे किलोमीटरच्या आसपास, पुणे ताम्हिणी घाटातून त्याहून थोडं जवळ. पण महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललेलंच आहे आणि माणगावची कोंडी तर आता साऱ्या कोकणाला पाठ झाली आहे. एका तासाच्या व्याख्यानासाठी एवढं कोण करणार? त्यावर मुक्काम, नोंदणीची फी, आणि बुडालेला रोज.

परदेशातल्या परिषदेचं तर बोलायलाच नको. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

म्हणून २०२० मध्ये परिषदा पडद्यावर आल्या तेव्हा आपल्यासारख्यांना वाटलं, चला, दार उघडलं. त्या वर्षी २९ फेब्रुवारीला अमेरिकन फिजिकल सोसायटीनं डेन्व्हरमधली आपली प्रचंड मार्च बैठक रद्द केली. बैठक सुरू व्हायला दोन दिवसही उरले नव्हते आणि कित्येक जण तिथं पोचलेही होते. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक सगळ्या विषयांच्या परिषदा ऑनलाइन झाल्या. डिसेंबरात अमेरिकन जिओफिजिकल युनियनचा वार्षिक मेळावाही तसाच झाला. आदल्या वर्षी त्याच मेळाव्याला सॅन फ्रान्सिस्कोत २८,००० माणसं जमली होती. त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब नंतर कोणीतरी मांडला, तो निघाला सुमारे ८०,००० टन कार्बन डायऑक्साइड. माणशी जवळजवळ ३ टन. यातले पुष्कळ जण पृथ्वी तापते आहे हे एकमेकांना सांगण्यासाठीच जमले होते.

आता २०२० मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं आणि म्हसळा, तळा, माणगाव, रोह्यापर्यंत विजेचे खांब आडवे करून गेलं. किती गावं दिवसचे दिवस अंधारात होती, मोबाइलला रेंज नव्हती. सगळं जग ‘आता घरबसल्या’ म्हणत होतं तेव्हा आपल्याकडे लोक पत्रे शोधत होते आणि जनरेटर असलेल्याच्या घरी फोन चार्ज करायला जात होते.

‘घरबसल्या’ या शब्दावर विसंबून राहू नका असं मी म्हणतो ते यामुळेच. घर, घरातली वीज, घरातली रेंज आणि घरातली शांतता हे सगळं शहरातल्या स्वतंत्र खोलीतल्या माणसाकडे असतं. आपल्याकडे चौघांत एक फोन असतो आणि त्याचाही डेटा संध्याकाळपर्यंत संपतो. परिषदा पडद्यावर आल्या याचा फायदा आपल्याला घ्यायचा असेल तर एकेकट्यानं फोनवर घेता येणार नाही. चारजणांनी एकत्र बसून घ्यावा लागेल. त्यासाठी माणगावात एक खोली उघडा, एवढीच माझी विनंती आहे.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. जानेवारी २०२० मध्ये, करोनाचा जगभर बोभाटा व्हायच्या आधी, फोटॉनिक्स म्हणजे प्रकाशाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांनी एक ऑनलाइन परिषद भरवली होती. तिची खुबी अशी की ठिकठिकाणच्या विद्यापीठांत लोक एका खोलीत जमले, पडद्यावर सगळ्यांनी एकच व्याख्यान ऐकलं आणि मधल्या वेळेत आपापल्या खोलीत चहा पीत त्यावर वाद घातला. विमान कोणी पकडलं नाही, पण एकटंही कोणी बसलं नाही.

पुढं २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक हिशेब प्रसिद्ध झाला. परिषद पूर्णपणे ऑनलाइन केली तर तिचा कार्बनचा भार ९४ टक्क्यांनी उतरतो. ठिकठिकाणी नीट निवडलेली केंद्रं ठेवून मिश्र पद्धतीनं भरवली तर निम्म्याहून अधिक माणसं प्रत्यक्ष भेटूनसुद्धा भार दोन तृतीयांशानं घटतो. जाणकार मंडळी याच वाटेनं सरकू लागली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेतली न्यूरिप्स ही जगातली बडी परिषद २०२५ मध्ये सॅन दिएगोबरोबरच मेक्सिको सिटीतही भरली. अमेरिकेचा व्हिसा न मिळणाऱ्यांची अडचण हे त्यामागचं एक कारण होतं. परिषदेनं दोन शहरांत भरायचं ठरवलं तर वीस गावांत का भरू नये, हा प्रश्न आता वेडगळ राहिलेला नाही.

‘पण समोरासमोरची मजा पडद्यावर नाही’, असं म्हणणारे भेटतील. खोटं नाही ते. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या अभियंत्यांच्या जोड्या लावल्या होत्या, त्यांत भारतातलेही होते. काही जोड्या समोरासमोर बसल्या, काही व्हिडिओवर. नव्या कल्पना सुचण्यात समोरासमोरच्या जोड्या पुढं राहिल्या. सुचलेल्यांतली चांगली कोणती हे ठरवण्यात मात्र पडद्यावरचे मागं पडले नाहीत. संशोधकांचं म्हणणं असं की पडद्याला डोळे खिळले की मनही तेवढ्याच चौकटीत खिळतं. मग ऐकणं पडद्यावर आणि सुचणं खोलीत, अशी वाटणी केली तर दोन्हींतलं बरं ते आपल्या हाती लागतं.

लांब राहून विज्ञानात भाग घेणं रायगड जिल्ह्याला नवंही नाही. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडण्याचं भय उभं राहिलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही जुळतात याची खात्री केली आणि मगच कुलाबा सोडलं. अलिबागचे आकडे पाहायला जगातला शास्त्रज्ञ अलिबागला यावा लागत नाही. २००३ मध्ये अमेरिका, ब्राझील आणि भारतातल्या चौघांनी मिळून १८५९ च्या महाभयंकर सौरवादळाचा जोर काढला तो कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून. त्या चौघांतले दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे, आणि ती संस्था आज आपल्याच जिल्ह्यात नवीन पनवेलला आहे.

तेव्हा कोणी गावात बसून परिषद ऐकली म्हणजे तो दुय्यम, हा समज आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे तो फार खोल आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. वय ८३, प्रकृती बरी नाही, करोनाचे दिवस. ते नाशिकला जाऊ शकले नाहीत. त्यावर जाहीर नाराजी व्यक्त झाली. आयुष्यभर विज्ञान सोपं करून सांगणाऱ्या माणसाच्या विचारांपेक्षा त्यांची खुर्ची रिकामी राहिली याचीच चर्चा अधिक झाली, हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि अजून खटकतं.

याच्या उलट चित्र नागपूरला दिसलं. जानेवारी २०२३ मध्ये तिथं भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८वं अधिवेशन भरलं. १९१४ पासूनची परंपरा, मधली दोन वर्षं करोनामुळं बुडालेली. पंतप्रधानांनी उद्घाटन केलं ते व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून. त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडची मिश्र परिषद बहुतेक वेळा अशीच असते. मोठे पाहुणे पडद्यावर आणि विद्यार्थी मंडपात. पाहुण्यांची सोय होते, मग दूरच्या विद्यार्थ्याची का होऊ नये? आयोजकांना हे विचारायला आपण शिकलं पाहिजे, आणि हे आता विचारायलाच हवं. करोना ओसरल्यावर अनेक संस्थांनी ऑनलाइनची सोय हळूच बंद केली. कारण सांगतात खर्चाचं, आणि ते खरंही आहे. सभागृहही घ्यायचं आणि कॅमेरे, माणसं, जोडणीही ठेवायची म्हणजे खर्च दुहेरी होतो. पण कोणी मागत नाही म्हणून बंद केलं, हेही तितकंच खरं. मागणारे दिसले की सोय टिकते.

आता कडू बोलतो. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारचं पीक आलं होतं ते आठवतंय ना? व्हॉट्सअॅपवर लिंक यायची. शेवटच्या पाच मिनिटांत गूगल फॉर्म भरायचा, दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, की ईमेलवर रंगीत ई-प्रमाणपत्र हजर. व्याख्यान चालू ठेवून भाजी निवडणारे, फोन खिशात घालून दुकानात जाणारे, एका वेळी तीन वेबिनारला ‘उपस्थित’ राहणारे, सगळे आपल्यातच होते. प्राध्यापकांना बढतीच्या फायलीत कागद लागतात, विद्यार्थ्यांना बायोडेटात ओळी लागतात. त्या हव्यासानं ऑनलाइन परिषदेची जेवढी नाचक्की केली तेवढी रेंजनं केली नाही. आपल्या खोलीत पहिला नियम हा ठेवा की इथं प्रमाणपत्र मिळणार नाही. गर्दी निम्म्यानं कमी होईल. होऊ द्या.

या हव्यासावरच फसवणुकीचा धंदा उभा आहे. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयानं तिला ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरण्याचा आदेश दिला. नियतकालिकांबद्दल खोटे दावे केले आणि परिषदांच्या जाहिरातीत ज्यांनी होकारच दिला नव्हता अशा शास्त्रज्ञांची नावं टाकली, असे आरोप तिच्यावर होते. आजही पोराच्या किंवा सुनेच्या फोनवर ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद’ असं आमंत्रण आलं की घरातल्या मोठ्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. त्यासाठी विज्ञान येण्याची गरज नाही. आयुर्वेदापासून सिव्हिल इंजिनिअरिंगपर्यंत सगळं एकाच दिवशी कसं? काल पाठवलेला निबंध आज ‘स्वीकारला’, तो वाचला कोणी आणि कधी? फी संस्थेच्या खात्यात जाते की कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर? आणि ज्या वक्त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय, त्याच्या विद्यापीठाच्या पानावरून त्याचा ईमेल काढून ‘तुम्ही खरंच येणार आहात का’ असं एका ओळीत विचारलंत का? शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, अशा पत्राला खरा वक्ता आनंदानं उत्तर देतो.

घरच्यांशी आणखी एक बोलायचं आहे. ऑनलाइन परिषदांनी सगळ्यांत जास्त सोय कोणाची केली असेल तर लहान मुलं असलेल्या प्राध्यापिकांची आणि संशोधक मुलींची. २०२० नंतर झालेल्या अभ्यासांतही परिषदा पडद्यावर आल्यावर स्त्रियांचा आणि विद्यार्थ्यांचा सहभाग वाढलेला दिसला. पण आपल्या घरांत काय होतं? ती खुर्चीत बसलेली, कानात हेडफोन, आणि बाहेरून हाक येते, ‘अगं, पाहुणे आलेत, चहा टाक.’ घरीच आहे ना! तीच पुण्याला गेली असती तर चहा दुसऱ्या कोणी टाकला असता. सासरे असा, दीर असा, नवरा असा, ती परिषदेला बसली असेल त्या वेळी ती घरी नाही असंच धरून चाला. आणि हे जमत नसेल, तर तिला त्या खोलीत जाऊ द्या. खोली हवी असण्याचं माझ्या लेखी हे विजेपेक्षाही मोठं कारण आहे.

प्राचार्यांनाही विनंती आहे. मुंबईच्या परिषदेला गेलं तर कर्तव्यरजा आणि ऑनलाइन बसलं तर ‘त्या दिवशी तास घ्यायला काय हरकत आहे’, हा दुजाभाव बंद करा. परिषद ऐकायची असेल तर पूर्ण ऐकली पाहिजे. मध्ये दोन तास घेऊन आलेला माणूस दोन्हीकडे अर्धाच असतो.

खोली कुठं? जागा शोधायला लांब जायला नको. लोणेऱ्याच्या विद्यापीठानं एक सभागृह महिन्यातून एक संध्याकाळ गावासाठी मोकळं ठेवलं तर उत्तमच. तिथली जोडणी आणि वीज आपल्या घरांपेक्षा भरवशाची. वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे, तिथं शिबिरं भरतातच. भारताच्या वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांनी एकमेकांना ओळखावं म्हणून आंतरभारतीचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या नावाची ती जागा आहे. तिथं दूरच्या माणसाचं म्हणणं ऐकायला बसणं शोभेल. नाहीतर एखाद्या हायस्कूलचा वर्ग किंवा वाचनालयाचा हॉल. प्रोजेक्टर, बरा आवाज देणारा एक स्पीकर, एक माइक, आणि लाइट गेली तरी दीड तास चालेल असा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवर काटकसर करू नका.

खोलीत काय करायचं तेही सांगतो. परिषदा बहुधा इंग्रजीत चालतात. म्हणून व्याख्यान संपलं की पडदा बंद करून अर्धा तास मराठीत बोलायचं. विषय थोडाफार जाणणाऱ्या एकानं गाभा सांगायचा, बाकीच्यांनी त्याला अडवायचं. परिषदेतली अडवाअडवी इथंच सुरू होते. प्रश्न विचारायचा असेल तर चॅटमध्ये टंकून पाठवा. हजार माणसांच्या सभागृहात उठून माइक मागायला आपली मुलगी घाबरेल, पण टंकताना तिचा हात थरथरत नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे, तेव्हा शब्द नाहीत ही सबब चालणार नाही.

पैशाच्या बाबतीत सरळ राहा. फी असलेल्या परिषदेच्या एका लॉगिनवर चाळीस जण बसवणं ही चोरीच. आयोजकांना आधी पत्र लिहा की आम्ही ग्रामीण भागातले अमुक जण एका खोलीत ऐकणार आहोत, सामूहिक नोंदणी देता का. नकार आला तर पुढची परिषद बघा. अमेरिकेतली परिषद निवडताना घड्याळही बघा, कारण बॉस्टनची दुपार म्हणजे आपली रात्र. तिथं उन्हाळ्यात दुपारी दोनला सुरू होणारं सत्र आपल्याकडे साडेअकराला सुरू होतं, आणि साडेअकरानंतर मुलीला घरी सोडायला कोण जाणार हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

केवळ भौतिकशास्त्र आणि संगणक एवढ्यावरही थांबू नका. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती, जिला सगळे जॉइंट अॅग्रेस्को म्हणतात, ती दरवर्षी बसते आणि नव्या वाणांवर, शिफारशींवर निर्णय घेते. कर्जतच्या केंद्रात निघालेलं भाताचं वाण आपल्या खाचरात येतं ते अशाच टेबलावरून पुढं जाऊन. त्या चर्चेतलं जेवढं शेतकऱ्याला ऐकता येईल तेवढं ऐकवा, अशी मागणी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे माणगावच्या शेतकऱ्यांनीच करायला हवी. विद्यार्थ्यांनी ती करून चालणार नाही.

सुरुवात कधी करायची? पावसात नको, लावणीच्या दिवसांत कोणाला फुरसत नसते आणि विजेचा तर भरवसाच नाही. गणपतीत गाव चाकरमान्यांनी भरलेलं असतं. दिवाळीनंतर, कापणी-झोडणी आटोपली की पहिला दिवस ठरवा. आणि पहिल्या दिवशी थेट प्रक्षेपणाच्या नादी लागू नका. २०२२ ची गणितज्ञांची जागतिक काँग्रेस युक्रेनच्या युद्धामुळं सेंट पीटर्सबर्गऐवजी ऑनलाइन झाली, तिची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. बंगळूरचं इंटरनॅशनल सेंटर फॉर थिऑरेटिकल सायन्सेस आपल्या कार्यक्रमांतली भाषणं यूट्यूबवर टाकत असतं. त्यातलं सोपं असं एक निवडा. रेकॉर्ड केलेलं असलं म्हणजे कळलं नाही तिथं थांबवता येतं, मागं नेता येतं, आणि लाइट गेलीच तर आली की तिथूनच पुढं चालू करता येतं.